भुताचं काम

इंग्रजी भुताच्या पिक्चरमध्ये काळा माणूस सगळ्यांच्या आधी मरतो, हे फजल सिद्दीला कुणी शिकवलं नव्हतं. दर शुक्रवारी बघून बघून तो आपला आपणच शिकला होता. जुना बंगला असो, जंगल असो की भर समुद्रातलं जहाज असो, गोऱ्या पोरापोरींच्या घोळक्यात एखादा काळा असायचाच. तो हसरा असायचा, सगळ्यांचं सामान उचलायचा आणि कुठं खुट्ट झालं की 'तुम्ही थांबा, मी बघून येतो' अशा आविर्भावात दार उघडून बाहेर जायचा. गेला की संपला. नाहीतर मग तो स्वतःच भूत असायचा, किंवा ढोल बडवून भुताला बोलावणारा मांत्रिक. यापलीकडचं काम त्याला कुणी देतच नसे.

कॅम्पातल्या कुणालाच धड इंग्रजी येत नव्हतं, पण किंचाळ्यांना भाषा लागत नाही. फरीज बिन ओमरानमधल्या कॅसेटवाल्याकडचे हिंदी पिक्चर बघून संपले की तो ही भुताटकी गळ्यात मारायचा. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातला तो कॅम्प म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आणि मध्ये एक हॉल, हॉलमध्ये वर्गणी काढून घेतलेला टीव्ही आणि व्हिडिओ. पडद्यावर काळा माणूस दिसला रे दिसला की मागून कुणीतरी ओरडायचं, "फजल्या, तुझा भाऊ आला बघ!" आणि तो मेला की, "फजल्या, सुतक पाळ आता!" सगळा हॉल खदखदून हसायचा. फजलही हसायचा, जरा जास्तच मोठ्यानं. आपल्यावरच्या थट्टेला जो हसत नाही त्याला कॅम्पात सुखानं राहू देत नाहीत, हे त्याला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

वास्तविक कसला भाऊ नि कसलं काय! फजल मुरुड-जंजिऱ्याचा. त्याच्या खापरपणजोबाचा कुणी पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतातून आला आणि इथलाच झाला. रंग, ओठ आणि कुरळे केस तेवढे मागं ठेवून त्या माणसानं बाकी सगळा मुलूख विसरून टाकला. फजलला मराठी येत होती, घरची बोली येत होती, कामापुरती हिंदी येत होती. इथं कतारला आल्यावर मात्र दुकानदार त्याला पाहताच फडाफडा अरबी बोलू लागायचे. कंपनीच्या गेटवरच्या सुदानी पहारेकऱ्यानं पहिल्या दिवशी त्याला कडकडून मिठीच मारली होती. फजलजवळ उत्तराला शुक्रन, यल्ला आणि खलास एवढे तीनच शब्द होते. ते संपले तसा त्या पहारेकऱ्याचा चेहरा उतरला आणि पुढं तो नुसती मान हलवू लागला. सुदान्यांच्या लेखी फजल हिंदी होता आणि हिंदी लोकांच्या लेखी हबशी.

तो कंपनीची बस चालवायचा. सकाळी माणसं साइटवर सोडायची, संध्याकाळी धुळीनं माखलेली तीच माणसं परत आणायची. शेजारच्या पलंगावर शहाजी, साताऱ्याकडचा क्रेन चालवणारा गडी, झुपकेदार मिशांचा आणि मोठ्या आवाजाचा. 'भाऊ आला' म्हणून ओरडणाऱ्यांत तोही असायचा, आणि फजलला ताप आला की ड्युटीवरून येऊन भाताची पेज करून घालणाराही तोच. माणसं अशी दोन्ही असतात, त्याला काय करणार?

फजलला एकच गोष्ट खात होती. तो इकडं आला तेव्हा त्याची बायको रुकैया गरोदर होती. मुलगी झाली, तिचं नाव नफिसा ठेवलं, ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि तिनं बापाला अजून पाहिलेलं नव्हतं. पहिली सुट्टी कंपनीनं पुढं ढकलली, दुसऱ्या वेळी छप्पर घालायचं होतं म्हणून त्यानंच सुट्टीऐवजी पगार घेतला. घरी एक फोटो पाठवला होता. पण स्टुडिओवाल्यानं दिवे नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी लावले होते ते तसेच ठेवले, आणि फोटोत पांढरा सदरा लख्ख आणि सदऱ्याच्या वर नुसता अंधार. रुकैयानं फोनवर सांगितलं होतं, "पोरगी फोटोचा मुका घेते. पण विचारते, अब्बाचा तोंड कुठं हाय?" रुकैया हसत सांगत होती. फजलला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

अशात पंच्याऐंशी साली दिघेसाहेबांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. दिघेसाहेब कंपनीतले बडे इंजिनियर, अल सद्दला फ्लॅट. त्यांच्या पत्नी नयनावहिनी म्हणजे दोह्यातल्या मराठी मंडळाचा जीव की प्राण. दरवर्षी त्या नाटक बसवायच्या. त्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं, की नाटक पुरे, आता पिक्चर काढायचा, आणि तोही भुताचा. नायिका अर्थातच त्या स्वतः. मंडळाच्या सहलीला कंपनीची बस होती आणि बसवर फजल. खोर अल उदैदच्या रस्त्यावर चहासाठी थांबले तेव्हा नयनावहिनी त्याच्यापाशी आल्या.

"फजलभाई, तुमच्यासाठी एक छान काम आहे. गोदामाचा रखवालदार. भूत नायिकेच्या मागे लागतं तेव्हा तोच तिला वाचवतो."

फजलनं चहाचा पेला खाली ठेवला. "मरतो का?"

"कोण?"

"रखवालदार."

वहिनी मनापासून हसल्या. "अहो, छे! शेवटपर्यंत आहे. शेवटचं वाक्यसुद्धा त्याचंच."

"नाव काय त्याचं?"

नाव त्यांनी ठेवलेलंच नव्हतं. स्क्रिप्टमध्ये नुसतं 'रखवालदार' होतं. पण फजलचा चेहरा बघून त्यांनी तिथल्या तिथं ठेवलं, रहमत. फजलला एवढा आनंद झाला की परतीच्या वाटेवर त्यानं दोनदा चुकीचं वळण घेतलं.

पिक्चरच्या कॅसेटी निघणार होत्या आणि सुट्टीवर जाणारी माणसं त्या गावोगाव नेणार होती. तशी रीतच होती. कुणी गावी निघाला की त्याच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांचंच: कुणाच्या आईसाठी बाम, कुणाच्या पोरासाठी टॉर्च, आणि माणसांचे आवाज भरलेल्या कॅसेटी. आता आवाजाबरोबर अख्खा माणूस जाणार होता. मुरुडला कुवेतहून परतलेल्या महमूदशेठच्या घरी टीव्ही, व्हिडिओ, टेलिफोन सगळं होतं. नफिसा तिथं पुढं बसून बघेल, की आपला बाप चालतो, बोलतो, एका बाईचा जीव वाचवतो आणि मरत नाही. फजलनं रहमतची वाक्यं बस चालवता चालवता इतक्यांदा घोकली की बसमधल्या माणसांनाही पाठ झाली. 'घाबरू नका ताई, मी आहे' हे वाक्य तो म्हणू लागला की मागून सगळी बस 'मी आहे!' म्हणून ओरडायची.

शूटिंग शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, कंपनीच्या रिकाम्या गोदामात. खिडक्यांवर ताडपत्र्या ठोकून भर दुपारी रात्र केलेली. दिघेसाहेबांनी कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरायला लावला, कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळावं म्हणून. मग वहिनींना उभं करून त्यांच्या चेहऱ्यावर दिवे बेतले. कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली होती, म्हणजे काय दिसतं ते सगळ्यांना लगेच दिसायचं. फजल इस्त्रीचा खाकी युनिफॉर्म घालून वहिनींच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "घाबरू नका ताई, मी आहे."

टीव्हीत तो नव्हता. नयनावहिनी होत्या, त्यांची टिकली होती, साडीच्या काठाची जरसुद्धा होती, आणि शेजारी एक खाकी युनिफॉर्म होता. युनिफॉर्मच्या वर दोन डोळे लुकलुकत होते आणि तो बोलला तेव्हा दात दिसले.

आधी कुणीतरी खुसकन हसलं, मग सगळेच हसले. दिवे हलवायला आलेला शहाजी पोट धरून खाली बसला. सवयीनं फजलही हसायला गेला, तर पडद्यावर दात पुन्हा चमकले. तसं त्यानं तोंड मिटलं.

दिघेसाहेबांनी दिवे वाढवले. मग फजल दिसू लागला: गाल, नाक, कपाळावरची खूण, सगळं. पण आता नयनावहिनींचं पीठ झालं. चेहरा पांढराफटक, नाक गायब, भूत म्हणून खपल्या असत्या. दिवे कमी केले की वहिनी माणसात यायच्या आणि फजल जायचा, वाढवले की उलट. अर्धी दुपार हाच खेळ चालला. त्या कॅमेऱ्यापुढं दोघांपैकी एकच जण माणसासारखा दिसू शकत होता, आणि तो कोण असणार हे काही विचारायला नको होतं.

"कॅमेऱ्याला काही झालेलं नाही," दिघेसाहेब घाम पुसत म्हणाले. "जपानी आहे. प्रॉब्लेम तुझ्या... म्हणजे, कॉन्ट्रास्टचा आहे."

भुताचं काम अकाउंट्समधल्या संपतकडं होतं. सडपातळ, गोरागोमटा पोरगा. तोंडाला पावडर फासून तो कोपऱ्यात बसला होता आणि भुतापेक्षा पडसं झालेल्या माणसासारखा दिसत होता. नयनावहिनींनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा टीव्हीकडं, आणि टाळीच वाजवली.

"अहो, आपण उलटं करू या ना! फजलभाई, तुम्ही भूत व्हा. अंधारात नुसते डोळे नि दात, काय इफेक्ट येईल! संपत रखवालदार होईल."

सगळ्यांना एकदम पटलं. इतकं पटलं की हे आधी कसं सुचलं नाही याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

फजल जागचा हलला नाही. "वहिनी, तुम्ही म्हणाला होता मी वाचवतो."

"हो, पण बघितलंत ना तुम्ही?"

"माझी पोर बघणार हाय," फजल म्हणाला. कामाच्या ठिकाणची त्याची मराठी एरवी साफ असायची. आता घरचं 'हाय' बाहेर पडलं. "तिनं मला अजून बघितलेला नाय."

दिघेसाहेब म्हणाले, "नसेल जमत तर राहू दे, फजल. जबरदस्ती नाही. दुसरा कुणी बघू." ते चांगुलपणानंच म्हणाले, आणि त्यात फजलला कळायचं ते कळलं. भूत नको तर कॅसेटमध्येच नको.

वहिनींना मात्र खरंच वाईट वाटलं. त्यांनी तोडगा काढला. पिक्चर संपला की त्याच कॅसेटवर काम केलेल्या प्रत्येकानं घरच्यांसाठी चार शब्द बोलायचे. "तुम्ही पांढरा शर्ट घालून या. दिवे मी स्वतः लावीन, फक्त तुमच्यासाठी. मग तर झालं? लेकीला कळेल, भूत खोटं होतं आणि अब्बा हे असे आहेत."

फजलनं मान डोलावली. दुसरं काय करणार होता?

मग नयनावहिनींनी बुटाचं काळं पॉलिश मागवलं. काळ्यावर आणखी काळं कशाला, असं शहाजीनं विचारलं, बिचाऱ्याला खरंच कळेना. वहिनी म्हणाल्या, चमक हवी. फजल स्टुलावर बसला आणि त्याच्या कपाळाला, गालांना, मानेला पॉलिश लागलं. वहिनी हलक्या हातानं लावत होत्या, डोळ्यांत जाऊ नये म्हणून जपत होत्या, "चुरचुरतं का हो?" असं मधूनमधून विचारत होत्या. एवढ्या मायेनं कुणी आपलं तोंड काळं केलं तर त्याच्यावर रागवावं तरी कसं? फजलनं डोळे मिटून घेतले. त्याला रडू येत होतं आणि पॉलिश लावलेलं असताना रडणं बरं दिसलं नसतं.

"वाक्य काय म्हणू?" त्यानं विचारलं.

"भूत बोलत नाही," दिघेसाहेब म्हणाले. "गुरगुर नुसता."

फजल गुरगुरला. साहेबांना पसंत पडेना. "अरे, घशातून नको. पोटातून. जनावरासारखा." मग फजलनं पाय रोवले आणि पोटातून असा काही आवाज काढला की दिवे धरणारी माणसं थबकली. त्या आवाजात त्या दुपारचं सगळं होतं, हे तिथं कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. संपतनं तर येऊन हात मिळवला. आणि लाजेची गोष्ट अशी, की फजलला त्या टाळ्या आवडल्या. त्याच्या आयुष्यात त्याच्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

शेवटच्या सीनमध्ये रखवालदार रहमत, म्हणजे संपत, भुतावर रॉकेल ओतून काडी लावतो. 'घाबरू नका ताई, मी आहे' हे वाक्य संपतला एका दमात येईना, ते फजलनंच त्याला शिकवलं.

मंडळाच्या कार्यक्रमात पिक्चर दाखवला तेव्हा अल सद्दच्या बायका खऱ्या घाबरल्या. कार्यक्रम सुटल्यावर पोरांनी फजलला घेरलं. "अंकल, डू इट अगेन! प्लीज!" फजलनं एकाला नाव विचारलं, तर ते पोर आपल्या भावाला म्हणालं, "ही टॉक्स मराठी!" आणि दोघं तोंडं वासून बघत राहिले.

पुढच्या शुक्रवारी निरोपांचं शूटिंग झालं. आधी साहेबलोक, आपापल्या दिवाणखान्यात, सोफ्यावर, बायकापोरांसकट. एका वहिनींनी अख्खं भावगीत म्हटलं, तिन्ही कडवी. मग ऑफिसातले लोक. मग कामगार, गोदामाच्या भिंतीला टेकून एकेक. शेवटी शहाजी आणि फजल दोघंच उरले.

"तू आधी बोल की," शहाजी म्हणाला. "तुझ्या पोरीसाठी एवढं चाललंय सगळं."

"नाही, तू बोल. मी शेवटी."

"आरं, का पण?"

"शेवटी बघितलेला चेहरा ध्यानात राहतो," फजल म्हणाला. त्यानं हे फार विचार करून ठरवलं होतं. भूत आधी येऊन जाईल, मग एवढी माणसं येतील, आणि सगळ्यांच्या शेवटी तो. पोर झोपायला जाईल ती तोच चेहरा डोळ्यांत घेऊन.

नयनावहिनींनी शब्द पाळला. दिवा इतका जवळ आणला की फजलचा गाल भाजायला लागला. टीव्हीत त्यानं स्वतःला पाहिलं. गाल होते, मिशी होती, लहानपणी होडीवरून पडून कपाळावर झालेली खूण होती. दिसायला वाईट नव्हता की तो! त्यानं कॉलर नीट केली आणि घरच्या बोलीत बोलला.

"नफी, मी तुजा अब्बा. आदी बघितलास ना, तो भूत खोटा होता, नाटकातला. तोंडाला बुटाचा पॉलिश लावला होता. आता धुतला. हे बघ माजे हात. या हातांनी मी बस चालवतो. तू जेवतेस ना? आईला सतवू नको. मी येनार हाय. मना बघून ठेव नीट, म्हंजे आल्यावर ओळखशील."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. दिघेसाहेबांनी कॅमेरा बंद केला आणि म्हणाले, "खलास. पॅक अप."

साहेबांनी घरी दोन व्हिडिओ जोडून कॅसेटी काढल्या आणि वाटल्या. एक शहाजीच्या बॅगेत पडली, कारण सुट्टीवर आधी तोच निघाला होता. साताऱ्याचा माणूस, पण मुंबईला उतरून आधी वाकडी वाट करून मुरुडला गेला, महमूदशेठच्या हातात कॅसेट दिली, रुकैयाकडं चहा घेतला, नफिसाला चॉकलेटं दिली आणि दुपारच्या एसटीनं पुढं गेला. दोस्तीत त्यानं कसर ठेवली नाही.

दोन आठवडे फजलनं कळ काढली. मग एका शुक्रवारी टेलिफोन ऑफिसात कॉल लावला. महमूदशेठचा फोन, रुकैयाला बोलावून ठेवायचा निरोप आधीच दिलेला. फोनवर कुणी बघत नाही हे माहीत असूनही त्यानं तोच पांढरा शर्ट घातला होता. हॉलमध्ये सुट्टीची गर्दी, बाकांवर माणसं खेटून बसलेली, केबिनच्या काचेच्या दारापर्यंत रांग आलेली. त्याचं नाव पुकारलं. केबिनचं दार नीट लागत नव्हतं, त्यानं ते एका हातानं ओढून धरलं.

"बघितला?" सलाम-दुआ उरकायच्या आतच त्यानं विचारलं.

"बघितला," रुकैया म्हणाली. "सगला मोहल्ला आलता."

"नफी काय म्हनाली?"

"ताप आलता तिला. आता बरी हाय. रातची उठून रडायची. आता नाय रडत."

"पन शेवटी मी बोललो ना? पांढऱ्या शर्टात?"

"कुठं?"

"शेवटी, रुकैया! सगल्यांच्या शेवटी!"

"शेवटी साहेबलोक बोलले. बाया बोलल्या. एकीनं लांबच्या लांब गाना म्हटला. मग तो मिशीवाला आला, कॅसेट घेऊन आलता तोच. तो 'आये' म्हनाला नि टीव्हीवर मुंग्या आल्या. आमी बसून ऱ्हायलो. महमूदशेठनी पुढं-मागं करून बघितला, दुसऱ्या दिशी परत लावून बघितला. मुंग्याच."

फजलनं कपाळ काचेला टेकवलं. कॅसेट पुरली नव्हती. भावगीताची तिन्ही कडवी पुरली, सोफे पुरले, शहाजीचं 'आये'सुद्धा पुरलं. तिकडं अल सद्दमध्ये कॅसेट काढताना कुणी शेवटपर्यंत बसून बघितलंच नव्हतं, आणि बघायचं कुणाला काय पडलं होतं? शेवटी तर फजल होता. आणि शेवटी उभं राहायचं शहाणपण त्याचं स्वतःचं. त्याला साहेबांचा राग आला, वहिनींच्या त्या मऊ हातांचा राग आला, शहाजीच्या मिशांचा राग आला, आणि या सगळ्यांपेक्षा स्वतःचा आला.

"ऐकताय ना?" रुकैया म्हणत होती. "पोरां चिडवायची तिला, भुताची पोर म्हनून. पन ती काय गप ऱ्हाते? आता तीच सगल्यांना भिववते. माजा अब्बा येनार नि तुमाला खानार, म्हनते. आता कुनी हात लावत नाय तिला. घ्या, बोला, इथंच हाय. सगली पलटन घेऊन आली हाय."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मागं पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. मग अगदी जवळ एक छोटा श्वास.

"अब्बा?"

कॅसेट गेल्यापासून फजल या एका शब्दाची वाट बघत होता. त्यानं घसा साफ केला. "नफी, मी तुजा अब्बा बोलतो. ऐक हां, तो भूत खोटा होता. मी—"

"हलू बोल!" ती घाईघाईनं कुजबुजली. "पोरां ऐकतील."

"काय ऐकतील?"

"तू मानसासारखा बोलतोस ते."

फजलनं केबिनचं दार आणखी घट्ट ओढलं.

"तसा आवाज काढ ना," नफिसा म्हणाली. "हे म्हनतात, मी खोटा बोलते. म्हनतात, तो तुजा अब्बा नायच. मी फोन त्यांच्या कानाला लावते. काढ हां."

"नफी, मी तुना दुसरा काय तरी सांगतो. मी इथं बस—"

"काढ ना, अब्बा!" आता तिचा आवाज रडायच्या काठावर आला होता. पोरांच्या देखत तिची लाज जाणार होती. मागं कुणीतरी हसू लागलं होतं, "बघ, बघ, नायच हाय," असं म्हणत होतं.

काउंटरवरचा माणूस वेळ संपत आल्याची खूण करत होता. काचेपलीकडं रांगेत उभी असलेली माणसं आत बघत होती. फजलनं शर्टाच्या कॉलरीचं बटण काढलं, दार सोडलं, फोन दोन्ही हातांनी धरला आणि पोटातून गुरगुरला.

दार उघडंच होतं. अख्खा हॉल वळून बघू लागला. बाकावरची एक बाई पोराला घेऊन उठली आणि लांब जाऊन बसली. रांगेतला कुणी म्हणाला, "हबशी पागल हो गया क्या?" आणि दोघंतिघं हसले.

पलीकडून किंचाळ्या आल्या, पोरं धडपडत पळाल्याचा आवाज आला, आणि त्या सगळ्या गोंधळावर एक खळखळून हसणं आलं. आपली मुलगी कशी हसते हे फजल आज पहिल्यांदाच ऐकत होता.

"बघितलास?" ती कुणाला तरी ओरडून सांगत होती. "हाच माजा अब्बा!" मग फोन पुन्हा तोंडाशी धरून म्हणाली, "अजून काढ."

फजलनं अजून काढला.